डावीकडून खडखड: रॅक बदलायची की बुश, आणि बुश घ्यायचा कुठला

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातली छोटी हॅचबॅक, ८५ हजार किलोमीटर झालेली, पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक. पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावर डाव्या बाजूनं खडखड येते आणि स्टेअरिंग धरलेल्या हाताला ती जाणवते. एका गॅरेजनं अख्खी स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदलायला सांगितली, दुसऱ्यानं नुसता तिचा बुश, म्हणजे झीज झेलणारं छोटं कडं. बुश एका दुकानात ४२० रुपयांना, दुसऱ्यात १५० रुपयांना, आणि दोघंही ‘ओरिजिनलच आहे’ म्हणतात. कुणाचं ऐकायचं, आणि काम घरी जमेल का?

रॅक आत्ताच घेऊ नका. पण बुशही लगेच घेऊ नका. वर्णन ऐकून संशय रॅकच्या डाव्या टोकाच्या बुशवर जातो हे खरं, तरी अगदी असाच आवाज करणारे आणखी चार-पाच भाग त्याच कोपऱ्यात आहेत आणि त्यातले काही बुशच्या आधी झिजतात. तपासणीला अर्धा-पाऊण तास जातो, पैसा जात नाही.

दुकानात ‘रॅक बुश’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. रॅक म्हणजे एका नळीत डावी-उजवीकडं सरकणारा दातेरी दांडा. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणून स्टेअरिंगच्या शाफ्टच्या टोकाचं दातेरी चाक, म्हणजे पिनियनही उजवीकडं. तिथं दांड्याला एका अंगानं पिनियन आणि दुसऱ्या अंगानं स्प्रिंगचा गाइड असा दुहेरी आधार मिळतो. डाव्या टोकाला मात्र तो फक्त एका प्लास्टिकच्या कड्यात सरकतो. हा आतला बुश. डाव्या चाकाचा प्रत्येक दणका टायरॉडमधून (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यातून) याच कड्यावर येतो, म्हणून खडखड बहुधा डावीकडूनच ऐकू येते. दुसरा प्रकार म्हणजे माउंटिंग बुश. रॅकची नळी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला), आणि काही जुन्या छोट्या गाड्यांत फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला), क्लॅम्प-बोल्टनं जिथं आवळलेली असते तिथलं हे रबर.

दोघांची लक्षणं वेगळी. आतला बुश गेला की बारीक खडबडीत रस्त्यावर सलग टकटक येते, गुळगुळीत डांबरावर गाडी गप्प असते. माउंटिंग रबर गेलं की स्टेअरिंग वळवायला सुरुवात करताना एकदाच ‘डुक्’ होतं, स्टेअरिंग किंचित उशिरा लागतं आणि हायवेला गाडी सरळ धरून ठेवायला सारखी दुरुस्ती करावी लागते. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडं झुकतं.

आता तपासणी, स्वस्त संशयितापासून.

लिंक रॉड आधी. स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारे हे दोन छोटे दांडे आपल्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर फार लवकर ढिले होतात. दोन्ही बाजूंचे सोडा. एकच सोडून उपयोग नाही, बार दुसऱ्या बाजूनं ताण धरून राहतो. बार कुठं घासत नाही हे बघून त्याच खराब रस्त्यावर तीसच्या आतल्या वेगानं थोडं अंतर जाऊन या. आवाज गेला तर रॅकचा विषय तिथंच संपला. ज्या गाडीला लिंक रॉडच नाहीत तिथं बारची रबरं आणि लोअर आर्मचे बुश पहारीनं हलवून बघा.

मग चाक. मागच्या चाकांना ठोकळे, पुढची डावी बाजू जॅकनं उचलून घोडीवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर). नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, दुसऱ्याला टायरॉड एंडच्या, म्हणजे टायरॉडच्या चाकाकडच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली हालचाल लागली तर टायरॉड एंड. तो गप्प आणि टकटक रॅकच्या टोकावरच्या घडीदार रबरी बूटच्या आतून आली तर रॅक एंड (टायरॉडचा रॅककडचा, गोळ्याचा सांधा) किंवा बुश. बारा-सहाच्या दिशेनं प्ले (सैलपणा) असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट, त्याचा रॅकशी संबंध नाही.

बुशची खरी परीक्षा पुढं. बूटचं नळीकडचं मोठं क्लिप सोडून बूट बाहेरच्या अंगाला सरकवा. स्टेअरिंग सरळ ठेवा आणि दांडा हातानं धरून वर-खाली, पुढं-मागं दाबा. बुश चांगला असेल तर हाताला काही लागत नाही. दांडा नळीच्या तोंडात हलताना दिसला आणि ‘टक्’ ऐकू आलं, तर बुश गेला. दांडा स्थिर आहे पण टायरॉड आत-बाहेर सैल आहे, तर रॅक एंडचा गोळा गेला. हा फरक न बघता बुश बदलला की पुन्हा सगळं उघडावं लागतं. गॅरेजमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

माउंटिंगसाठी चाकं जमिनीवर हवीत आणि इंजिन चालू. एकानं स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडं झटकायचं, दुसऱ्यानं टॉर्च मारून नळी आणि क्रॉसमेंबर यांच्यामधली जागा बघायची. एखादा मिलिमीटर रबर दबणारच. नळी तीन-चार मिलिमीटर सरकत असेल तर रबर संपलं.

शेवटी ड्रायव्हरच्या पायापाशी जो स्टेअरिंग शाफ्ट खाली जातो, त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटवर हात ठेवून हीच झटकाझटकी करा. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मोटर स्टेअरिंग कॉलमवर (स्टेअरिंगमागच्या दांड्यावर) असलेल्या गाड्यांत ‘रॅकचा आवाज’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात या सांध्याच्या असतात.

इथं एका जुगाडाबद्दल सांगायलाच हवं. आवाज आला की काही मेस्त्री रॅकच्या पोटातला, गाइडची स्प्रिंग दाबून धरणारा प्लग आणखी आवळतात. दोन दिवस शांतता मिळते. पण दांड्याचे दाते मधल्या भागात जास्त झिजलेले असतात, कारण गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं. मध्याला बरोबर बसलेला गाइड टोकाकडच्या न झिजलेल्या दात्यांवर अडकतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत फिरत नाही, आणि पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या घाटात हे जिवावर बेतू शकतं. प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनंच बसवायचा असतो. डावीकडच्या बुशचा आवाज त्यानं जात नाही, फक्त झाकला जातो.

अख्खी रॅक कधी खरंच लागते? बूट फाटून आत पाणी आणि चिखल गेला असेल, दांड्याच्या चकचकीत भागावर गंजाचे खड्डे पडले असतील आणि त्यावरून नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर नवा बुशही थोड्याच दिवसांत खरवडून जाईल. बुश नळीत सैल फिरून नळीचं तोंडच अंडाकृती झालं असेल, तरी तेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची रॅक बाहेरून ठीक दिसते, बूट सरकवल्यावर तांबडी पूड निघते. जुनी गाडी विकत घेताना बूट उघडून बघायला लावा.

बुश विकत घेताना

गॅरेजनं रॅकच बदलायला सांगितली यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही. अनेक गाड्यांच्या कंपनी कॅटलॉगमध्ये आतला बुश सुटा दिलेलाच नसतो, यादीत फक्त असेंब्ली असते. त्यामुळं अधिकृत वर्कशॉप बुश बदलू शकत नाही, तिथला माणूस खरंच सांगत असतो.

डुप्लिकेट ओळखण्याची सर्वांत पक्की खूणही यातूनच मिळते. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर घेऊन अधिकृत डीलरच्या स्पेअर काउंटरवर जा आणि या नंबराला बुशचा वेगळा पार्ट नंबर आहे का, एवढंच विचारा. असेल तर तो लिहून घ्या. पार्ट नंबर मधल्या काळात बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही विचारा, दुकानात जुन्या नंबराचा खरा मालही असू शकतो. आणि कंपनी हा बुश सुटा विकतच नसेल, तर गाडीच्या कंपनीचा लोगो छापलेल्या पाकिटातला बुश नकलीच आहे. होलोग्राम कितीही चकाकत असू दे.

बाजारातला माल सरसकट ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असा दोनच खणांत बसत नाही. गाडी कंपनीच्या पॅकचा एक. ज्या कारखान्यानं कंपनीला रॅक पुरवली त्याच्या स्वतःच्या पॅकचा दुसरा. राणे आणि जेटेक्ट, म्हणजे पूर्वीची सोना कोयो, या भारतात स्टेअरिंगचे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचा स्वतःचा पत्ता असलेला पॅक हा नकली नव्हे. तिसरा, स्वतःच्या नावानं माल विकणारा आफ्टरमार्केट उत्पादक. तो बरा किंवा वाईट असेल, पण लबाड नाही. चौथा बिननावाचा लोकल. आणि पाचवा, दुसऱ्याचं नाव लावून आलेला. फसवणूक पाचव्यात आहे. तुमचा १५० रुपयांचा बुश तिसऱ्या प्रकारचा असेल तर तो विचारात घ्यायला हरकत नाही, पाचव्या प्रकारचा असेल तर फुकटसुद्धा नको. किमतीवरून हे ठरत नाही, आणि ४२० रुपये घेतले म्हणून माल खरा होत नाही. हुशार नकल करणारा किंमतही खऱ्याच्या जवळपासच ठेवतो.

कोल्हापुरात काउंटरवर एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘एमआयडीसीतनंच निघालेला माल हाय, फक्त कंपनीचं पॅकिंग न्हाई.’ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळं हे आपल्याला चटकन पटतं. पण विचार करा. कारखान्यातून पॅकिंगशिवाय बाहेर पडलेला माल म्हणजे एक तर तपासणीत नापास झालेला, नाही तर चोरीचा. तिसरी आणि सर्वांत जास्त शक्यता अशी, की त्या कारखान्याचं त्यानं तोंडही पाहिलेलं नाही.

पाकिटावर काय बघायचं? पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणं त्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला असावा लागतो. नकल करणारे लोगोवर मेहनत घेतात, या बारीक मजकुरावर घेत नाहीत. पत्त्यात पिन कोड नसणं, कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडं-तिकडं, पाकिटावरचा पार्ट नंबर आणि आतल्या चिठ्ठीवरचा नंबर वेगळा, असं काही दिसलं की पाकीट परत करा.

क्यूआर कोडवर आंधळा विश्वास नको. एका खऱ्या पाकिटाचा कोड हजार नकली पाकिटांवर छापता येतो. स्कॅन केल्यावर कुठली वेबसाइट उघडते ते वाचा. गाडीच्या कंपनीचं ॲप असेल तर त्यातूनच तपासा, आणि ‘हा कोड आधीच तपासला गेला आहे’ असं आलं तर दुकानदारासमोरच विचारा. होलोग्रामची गत तीच. रिकामी खरी पाकिटं गोळा करून त्यात दुसरा माल भरला जातो, तेव्हा पाकीट, होलोग्राम, लेबल सगळं अस्सल असतं आणि आतला पार्ट तेवढा खोटा. म्हणून काम झाल्यावर आपलं पाकीट फाडून टाकायचं. जुना पार्टही मेस्त्रीकडं न सोडता मागून घ्यायचा.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. ‘ऑटो पार्ट’ एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी निरुपयोगी. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो आणि २७ नं सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. ‘बिल घेतलं तर २८ टक्के वाढतील’ हे आता चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे, आणि छापील किमतीत कर धरलेलाच असतो.

आता खुद्द बुश. पाकिटापेक्षा यावरच जास्त वेळ घालवा, कारण छपाईची नकल सोपी असते, मापाची अवघड. सोबत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) न्या. जुना बुश काढलेला असेल तर उत्तमच. बाहेरचा व्यास, लांबी, कानांची जागा आणि चिरांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. आतला व्यास जुन्याशी जुळवू नका, तो झिजलेला आहे. छोट्या गाड्यांचा दांडा साधारण २२ ते २६ मिलिमीटरचा असतो, आपल्या दांड्याचं माप टोकाकडच्या न झिजलेल्या भागावर घ्या. बुशचा आतला व्यास तीन दिशांनी मोजा. तिन्ही आकडे वेगळे आले तर साचा वाईट आहे. चिरेतून फुगणाऱ्या बुशचं माप मोकळ्या अवस्थेत फसवं येतं, म्हणून शेवटची खात्री तो दांड्यावर सरकवूनच करावी लागते.

चांगल्या बुशच्या कडा गोल आणि साफ असतात, साच्याच्या जोडरेषेवर प्लास्टिकची कोर उभी राहिलेली नसते. काहींवर मटेरियलची खूण असते, कोनी कंसात ‘पीओएम’ किंवा ‘पीए’ अशी. खूण नसली म्हणून नकली असं नाही. आतल्या बाजूला हवा जाण्यासाठी खाच आहे का ते मात्र नक्की बघा. रॅक सरकताना एका बूटमधली हवा नळीतून दुसऱ्या बूटमध्ये जाते, बुशनं वाट अडवली की एक बूट फुग्यासारखा फुगतो, दुसरा चोपला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. नकलेत ही खाच बऱ्याचदा विसरलेली असते.

माउंटिंगचं रबर असेल तर चिरेजवळ उलटं वाकवून बघा. तडे दिसले तर माल जुना किंवा भेसळीचा. हाताला काळं लागणं आणि उग्र वास येणं ही पुनर्वापराच्या रबराची लक्षणं. पृष्ठभागावर फिकट पांढरट थर दिसला तर लगेच घाबरू नका, रबराच्या रक्षणासाठी मिसळलेलं मेण कधीकधी वर येतं आणि पुसलं की जातं. धातूच्या कड्याला चिकटवलेल्या बुशमध्ये रबर आणि धातू यांच्या सांध्यात नखाची फट असली तर घेऊ नका.

उद्यमनगरात लेथवर बुश टर्न करून घेण्याचा पर्याय कुणीतरी सुचवणारच. कारागिरी तिथं कमी नाही, अडचण मटेरियलची आहे. साधं नायलॉन ओलावा शोषून फुगतं. उन्हाळ्यात सुरेख बसलेला बुश जुलैत दांडा आवळून धरतो. टेफ्लॉन घसरट आहे, पण सतत दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पुन्हा प्ले येतो. गनमेटल टिकेल, पण दांडा खरवडेल आणि आवाजही देईल. करायचंच असेल तर ॲसिटल (पीओएम) रॉडमधून करा, चिरा आणि हवेची खाच जुन्यासारखीच ठेवा. ज्या गाडीचा बुश कुठंच मिळत नाही तिच्यासाठी हा मार्ग ठीक. तुमच्या गाडीला त्याची गरज दिसत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं: नकली बुशनं आवाज येतो, नकली रॅक एंड किंवा टायरॉड एंडनं चाक सुटं होतं. त्या गोळ्याचा सांधा निसटला की स्टेअरिंग फिरतं, पण चाक फिरत नाही. पैसे वाचवायचे असतील तर बुशवर वाचवा. या दोन भागांसाठी कंपनी पॅक किंवा पुरवठादाराचा पॅक, यापलीकडं तडजोड नाही.

फसवणूक झालीच तर पाकीट, बिल आणि पार्ट यांचे फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ज्या कंपनीचं नाव वापरलं तिलाही कळवा. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे, त्यामुळं ते गांभीर्यानं घेतात.

बदलण्याचं काम

घरी जमेल का? मेकॅनिकल किंवा कॉलमवर मोटर असलेल्या गाडीत, आणि डाव्या टोकापाशी हात जाण्याइतकी जागा असेल तर, रॅक न उतरवता दीड-दोन तासांत जमतं. हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये मुळीच नको. तिथं बुश ऑइल सीलच्या मागं असतो, अख्खी रॅक उघडून सील किटसह काम करावं लागतं. मोटर थेट रॅकवर असेल तरीही वर्कशॉपच बरं.

बुशसोबत चार वस्तू आधीच आणून ठेवा: रॅक एंडचा लॉक वॉशर, बूटची दोन्ही क्लिपं, टायरॉड एंडची स्प्लिट पिन किंवा नवा लॉक नट, आणि लिथियम ग्रीस. बूटला बारीक जरी चीर असली तरी नवा बूट.

चाकं सरळ करून चावी काढा, स्टेअरिंग लॉक होऊ द्या. कॉलमचा सांधा सोडायचा नसला तरी ही सवय ठेवा. तो सांधा सुटलेला असताना स्टेअरिंग गरगर फिरलं तर एअरबॅगची स्पायरल केबल (स्टेअरिंगच्या आत गुंडाळलेली वायर) तुटते आणि पाचशे रुपयांचं काम हजारोंत जातं. चाक काढा. टायरॉडच्या लॉक नटपाशी पेंटनं खूण करा आणि उघडे आटे मोजून लिहून ठेवा. टायरॉड एंड पुलरनं सोडवा. बोल्टच्या डोक्यावर हातोडी मारली की आटे पसरतात आणि नट पुन्हा चढत नाही.

टायरॉड एंड आणि बूट काढल्यावर रॅक एंडच्या लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीनं सरळ करा. इथं एक गोष्ट चुकवू नका: रॅक एंड सोडताना आणि आवळताना दांड्याच्या चपट्या भागाला दुसरा पाना लावून धरायचं. तसं न केल्यास सगळा पीळ पिनियनच्या दात्यांवर जातो. त्यानंतर येणारी कुरकुर बुशनं जात नाही, रॅकनंच जाते.

जुना बुश सर्क्लिपनं (स्प्रिंगच्या कड्यानं) धरलेला असतो किंवा त्याचे कान नळीच्या भोकांत अडकलेले असतात. कान आत दाबून, बारीक आकडीनं दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं ओढा. स्क्रूड्रायव्हरनं खणायला जाऊ नका, दांड्यावर उठलेला एक ओरखडा नव्या बुशला करवतीसारखा कापतो. बुशचे तुकडे झाले तर सगळे जुळवून बघा, एखादा आत राहिला तर पिनियनपर्यंत जाईल. नळीचं तोंड आणि दांडा कापडानं पुसा. पेट्रोल आत ओतू नका.

नव्या बुशच्या आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा, चार-पाच ग्रॅम पुरे. जास्त ग्रीस म्हणजे जास्त संरक्षण हा गैरसमज. ते हवेची खाच बुजवतं. बुश दांड्यावर सरकवून कान भोकांसमोर आणा आणि प्लास्टिक पाइपच्या तुकड्यानं हलकेच ठोका. कान बसल्याची ‘टिक’ जाणवते. आता चावी लावून स्टेअरिंगचा लॉक सोडा आणि रॅक एंड लावण्याआधी दांडा थोडा आत-बाहेर करून पाहा. सुरुवातीचा किंचित चिकटपणा चालतो. दोन हातांनी ओढूनही अडखळत असेल तर बुश घट्ट आहे, तो रुळेल या आशेवर गाडी बांधू नका.

रॅक एंड टॉर्क पान्यानं आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, सगळ्या गाड्यांना चालणारा आकडा नसतो. नवा वॉशर दुमडा. बूटच्या बारीक तोंडाला सिलिकॉन ग्रीस लावा, म्हणजे अलाइनमेंट करताना टायरॉड फिरवल्यावर बूट पिळला जाणार नाही. क्लिपं धातूचीच लावा. वायर किंवा प्लास्टिकची पट्टी बांधली की पहिल्याच पावसात पाणी आत.

माउंटिंगचे बुश बदलायचे असतील तर एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे रॅक जागची हलत नाही. बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. क्रॉसमेंबरमधला वेल्डेड नट फिरला तर सगळं काम वाढतं. रबर बसवताना साबणाचं पाणी चालेल, साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्यानं रबर फुगून सडतं. चीर आणि चपटी बाजू जुन्यासारखीच यायला हवी. उजवीकडचे धातूच्या कड्यातले बुश लांब बोल्ट, वॉशर आणि योग्य मापाची गोटी (सॉकेट) लावून खेचून काढा. ॲल्युमिनियमच्या नळीचे कान हातोडीच्या घावानं तडकतात, आणि तो तडा रंगाखाली लपलेला राहतो. त्यासाठी क्रॉसमेंबर उतरवावा लागत असेल तर ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजला द्या.

चाक जमिनीवर येण्याआधी स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा आणि बूट कुठं चोपतोय, फुगतोय का ते बघा. मग अलाइनमेंट. आटे मोजून बसवले तरी ते करावंच लागतं, नाहीतर टायर एका कडेनं जातात आणि स्टेअरिंग वाकडं राहतं. गाडीला ईएससी (घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्यही स्कॅनरवर बसवून घ्या.

चाचणीला दोन रस्ते लागतात: आवाज यायचा तोच खडबडीत तुकडा, आणि वळणं असलेला चढ. पहिल्यावर खडखड गेली पाहिजे, दुसऱ्यावर स्टेअरिंग सैल सोडल्यावर स्वतःहून मध्याकडं आलं पाहिजे. पहिलं जमलं आणि दुसरं नाही, तर बुश घट्ट आहे. दोन्ही जमलं आणि आठवड्यानं खडखड परत आली, तर रॅक एंडची तपासणी नीट झालेली नाही. पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही लॉक नट आणि बूटची क्लिपं एकदा हातानं बघा.